नाकवाल्या मिस्त्रींचा पंखा

आमच्या ह्यांचं नाक कारखान्यात नावाजलेलं. करवतीखालून निघालेला ताजा तुकडा नाकाशी धरून सांगायचे, हा शिसव, हा साग, हा आतून कुजलाय. लग्न नवं होतं तेव्हा ते घरी आले की सदऱ्याला देवदाराचा वास यायचा. तो आठवला की अजून बरं वाटतं, आणि लगेच स्वतःचाच राग येतो.

कारखान्याच्या भिंतीत धूळ ओढून घेणारा मोठा पंखा होता. त्याच्याबरोबर वासही जातो, म्हणून ह्यांनीच तो बंद करायला लावला. नाकवाले मिस्त्री म्हणतील ती पूर्व दिशा. तेवीस वर्षं पंखा बंद.

मग डावी नाकपुडी चोंदली. वर्षभर सर्दीच्या गोळ्या. उशीवर रक्ताचे डाग पडले, तर म्हणे उष्णता. मी मुकाट्यानं अभ्रे धूत राहिले. डावा डोळा पुढे आला तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाकाशेजारच्या पोकळीत कॅन्सर आहे, लाकडाच्या धुळीनं होतो, डोळाही काढावा लागेल. वास कधीपासून येत नाही, असं त्यांनी विचारलं.

"दीड वर्ष," हे खाली बघून म्हणाले.

मग दीड वर्ष लाकूड ओळखत कोण होतं? त्याच कारखान्यातला माझा धाकटा भाऊ, असं ह्यांनी तिथेच कबूल केलं. शेजारच्या करवतीवरून हळूच नाव पुटपुटायचा. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

तशीच कारखान्यात गेले. हेही मागून आले.

"दाजींची लाज राखली गं, ताई," भाऊ चोंदलेल्या नाकातून म्हणाला.

"लाज राखलीस आणि माणूस घालवलास. आणि तुझं नाक कधीपासून बंद आहे?"

एकच नाकपुडी, चार महिने, म्हणाला. सर्दीच आहे, म्हणाला. मी पंख्याच्या बटणाकडे वळले तर माझा हात धरून म्हणतो, आधी दाजींना विचार.

करवती थांबल्या. हे पुढे आले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काही वास येत नाही. तुम्हाला ठाऊक असूनही मी सोंग केलं. लाव पंखा."

बटण दाबलं. पंखा नुसता घुरघुरला. पाती धुळीनं जाम झाली होती. ह्यांनी शिडी मागवली आणि पंखा फिरेपर्यंत एकही करवत चालू करायची नाही, असं बजावलं.

भाऊ शिडी धरायला धावला. मी त्याची कॉलर पकडली आणि भुशानं माखलेल्या कपड्यांतच त्याला त्याच डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.