दुकान उघडल्यावर या

"हे प्रभू, माझ्या लेकीचं मन वळव, तिला या घराच्या दाराशी—"

दारावर थाप.

टेलरमावशींनी डोळे उघडले नाहीत. डोळे उघडले की प्रार्थना मोडली, असा त्यांचा नियम. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, मग कानांना द्यायला काय झालं होतं, ही त्यांची त्याच्याकडे जुनी तक्रार होती.

"मावशी! पँटचं बटण! ड्युटीवर निघालोय!" वरच्या मजल्यावरचा बसड्रायव्हर.

"सकाळची ही वेळ देवाची असते, माहीत आहे ना?"

"मग देवालाच सांगतो, पण बस थांबायची नाही हो!"

मावशी उठल्या. दार हातभर उघडलं, सुईत दोरा ओवला आणि माणूस पँटच्या आत असतानाच बटण टाचायला घेतलं.

"पोट आत घ्या."

"घेतलंय मावशी."

"हे घेतलेलं आहे?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि 'आभारी आहे'मधलं 'आहे' बाहेर राहील इतक्या घाईने दार लावलं. परत गुडघे टेकले. शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत एक उशी होती. प्रार्थनेची जागा तीच.

"हे प्रभू, माझ्या लेकीचं मन वळव. कुठे होते मी? हां. दाराशी—"

इथे लेकीचं काय झालं ते सांगायलाच हवं, कारण मावशी देवालाही ते अर्धंच सांगत.

अर्ध्या शहराच्या नवऱ्या मावशींच्या हातचे झगे घालून वेदीपुढे उभ्या राहिल्या होत्या. स्वतःच्या लेकीसाठी तर त्यांनी लेस कधीची घेऊन ठेवली होती. आणि लेकीने काय करावं? दुकानातून तयार झगा आणला. तयार! "मला त्या दिवशी आई हवी आहे, टेलर नको," ती म्हणाली. मावशींना त्यातलं फक्त 'टेलर नको' ऐकू आलं. तरीही ओठ शिवून त्या लग्नाला गेल्या. ओठांची शिवण टिकली असती, पण पाळकसाहेबांनी नवरीला वचन विचारलं, सगळं चर्च गप्प झालं, आणि पहिल्या बाकावरून मावशी कुजबुजल्या,

"डावी बाही उलटी लावलीय."

जन्मभर मशीनच्या खडखडाटावर बोललेल्या बाईची कुजबूज ती. शेवटच्या बाकापर्यंत पोचली. नवऱ्याने बाहीकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी पाहिलं. नवरीने मात्र आईकडे पाहिलं. त्यानंतर तिने या घरात पाऊल ठेवलं नाही, फोन केला नाही, आलेला उचलला नाही.

"उलटी होती म्हणून म्हटलं," मावशी आत्ता देवाला सांगत होत्या. "तूही पाहिलीस की. पण ते जाऊ दे. तिला समज दे. म्हणजे मलाही दे, पण आधी ति—"

"वहिनी, दूध!"

ही नणंद. सगळे तिला वन्सं म्हणत, दूधवालासुद्धा. लग्न केलं नव्हतं, भावाच्या मागे वहिनीजवळ राहिली होती, आणि खिडकीपाशी बसून रस्त्याची राखण करत होती.

"उतू चाललंय का?"

"नाही. यायचंय अजून. आज उशीर झालाय त्याला."

"मग मला कशाला सांगता?"

"तुला नको का कळायला?"

मावशींनी डोळे मिटूनच बोट वर केलं. "वन्सं, आता मी आमेन म्हणेपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. घराला आग लागली तरी."

"बरं बाई. आग लागली तर गुपचूप जळेन."

आणि गंमत अशी, की आदल्या रविवारीच पाळकसाहेबांनी यावरच प्रवचन केलं होतं. प्रभू एका आजारी मुलीच्या घरी घाईने निघालेला असतो. वाटेत गर्दीतून एक बाई त्याच्या वस्त्राच्या काठाला हात लावते, आणि तो थांबतो. मुलगी तिकडे मरायला टेकलेली, आणि हा थांबून विचारतो, कोणी हात लावला? आपण ज्याला खोळंबा म्हणतो, पाळकसाहेब म्हणाले, तिथे त्याने मुक्कामच केला. मावशींनी जोरजोरात मान डोलावली होती. घरी येताना म्हणाल्या, "बसड्रायव्हरने ऐकायला हवं होतं हे. आणि काय हो वन्सं, एवढ्या गर्दीत ओढाताण होऊनही काठ उसवला नाही. हातशिलाई असणार."

तर. उशी, गुडघे, मिटलेले डोळे.

"हे प्रभू, मी तिच्यासाठी काहीही करायला तयार आहे. फक्त एक संधी—"

थाप. अगदी हलकी, परत जायची तयारी ठेवून मारलेली.

"कोण आहे?"

"जरा... काम होतं." पुरुषाचा आवाज, खालच्या पट्टीतला. "कपडे सैल करून हवे होते."

"दुकान उघडल्यावर या!"

"कधी उघडतं?"

"उघडल्यावर दिसेल! इथे प्रार्थना चालू आहे!"

पावलं जिना उतरून गेली. मावशींना जरा बरंच वाटलं. बटणवाल्यापुढे नमतं घेतलं होतं, इथे नाही घेतलं. त्यांनी नव्याने सुरुवात केली, सावकाश, पाल्हाळ लावून. लेकीसाठी मागितलं, जावयासाठी मागितलं, ओघात पाळकसाहेबांच्या गुडघेदुखीसाठीही मागितलं. कोणी मध्ये आलं नाही.

"आमेन."

"तुझा जावई गेला," वन्सं म्हणाल्या.

"कुठे गेला?"

"कोपऱ्याकडे. पिशवी घेऊन आला होता, पिशवी घेऊन गेला. चेहरा एवढासा झालेला."

"म्हणजे... तो जावई होता? वन्सं! मग बोलायचं नाही का?"

"आमेन कुठे झालं होतं?"

मावशींना वाद घालायला वेळ नव्हता. गळ्यातली मापाची टेप, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात वन्संची, अशा त्या जिना उतरल्या. रस्त्यावर धावणं त्यांना माहीत नव्हतं, पण पायांनी कसंबसं निभावलं. "अहो!" त्या ओरडल्या. जावयाला नावाने हाक मारावी इतकी ओळखच झाली नव्हती. "अहो, कपडे सैलवाले!"

रस्त्यावरचे चौघे वळले. चौथा जावई होता.

"आई, येतो नंतर, तुमची प्रार्थना—"

"झाली. बघू पिशवी."

त्यांनी पिशवी भर रस्त्यात उघडली. लेकीचे तीन झगे. कोणीतरी कंबरेची शिवण उसवून घरीच सैल करायचा प्रयत्न केला होता. टाके असे की बघवत नव्हते. मावशींची जीभ टाळूपर्यंत आली आणि तिथेच अडकली. कापड खांद्याला ताणलेलं नव्हतं, दंडाला नव्हतं. फक्त पोटाशी.

त्यांनी जावयाकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"कितवा?"

"पाचवा."

"माप घेतल्याशिवाय नाही व्हायचं हे. तिला यावं लागेल."

"आलीय," तो म्हणाला. "औषधाच्या दुकानामागे आहे. म्हणाली, तू आधी वर जा, आईचा आवाज कसा लागतो ते ऐकून ये. मी... मी तिला जाऊन सांगितलं, कसा लागला ते. तेव्हापासून तिथेच बसलीय."

मावशींना आपलेच शब्द परत ऐकू आले. दुकान उघडल्यावर या. स्वतःच्याच लेकीला.

लेक औषधाच्या दुकानामागच्या पायरीवर बसली होती. आईला बघून उठली नाही, पण गेलीही नाही. अंगातला झगा कडेने पिनांनी जोडलेला. आईची नजर पिनांकडे गेलेली तिने पाहिली.

"बोल," ती म्हणाली. "काय बोलायचंय ते बोलून घे. वाकडं आहे, माहीत आहे मला."

मावशींनी बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते भलतंच. "सकाळपासून तुझ्यासाठीच मागत बसले होते गं. आणि मीच तुला 'नंतर या' म्हणाले."

लेकीचा चेहरा हलला. जावयाने शहाणपणाने औषधाच्या दुकानातल्या साबणांची चौकशी सुरू केली.

"घरी आले तर टोमणे मारणार नाहीस?"

"नाही."

"एकही?"

मावशींनी प्रामाणिकपणे विचार केला. "एकही नाही, हे नाही जमायचं. पण लेकराच्या बाप्तिस्म्याला तू त्याला गोणपाट घातलंस, तरी मी पहिल्या बाकावर गप्प बसेन. आई म्हणून बसेन."

लेक हसली. हसता हसता डोळे पुसले, आईने पुढे केलेला हात धरला आणि जड अंगाने उठली. "हळू चाल," ती म्हणाली, "मला मध्ये मध्ये थांबावं लागतं."

घराकडचा रस्ता चढाचा होता. लेक थांबली, की मावशी थांबत. श्वास परत आला, की चार पावलं. पुन्हा थांबत. एरवी याच रस्त्याने मावशी दोघातिघांना धक्के मारत पुढे जात. आज मागून कोणीतरी घाईत "जरा बाजूला" म्हणालं. मावशींनी वळूनही पाहिलं नाही. लेकीचा हात हातात होता, आणि तिला अजून दम लागलेला होता.