माझं नाव कुणी घेतलं नाही

मी एक जुनी ओळ आहे. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला राधाकिसनचं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधली अगदी पहिली ओळ. मित्रांनो, दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड पॅकेजमध्ये असतो. ते पॅकेज आत बोलवायचं, एवढंच माझं काम. माझं पॅकेज मराठी अक्षरांचं होतं.

दोन हजार एक साली राधाकिसननं मला लिहिलं. औषध किती पाजायचं ते सांगणाऱ्या बाटलीवरच्या चिठ्ठीवर ‘अर्धं झाकण’ असं स्वच्छ मराठी उमटलं, तेव्हा त्यानं आईला, आसराबाईला, हाताला धरून दाखवायला आणलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती हसली. मी किती फुगले होते तेव्हा!

पुढे त्यानं कोड तपासणारं एक साधन आणलं. ते प्रोग्राम चालवत नाही, नुसतं वाचतं. पॅकेजचं नाव वर आहे आणि खाली कुठेच नाही असं दिसलं, की ‘न वापरलेलं’ म्हणून मोकळं होतं. माझं पॅकेज मात्र आत आलं की आपणहून कामाला लागायचं. त्याला नावानं हाक मारावी लागतच नसे. साधनाला हे कळलं नाही, त्याचा मला राग नाही. पण राधाकिसनला तर माहीत होतं ना? त्यानं एकदा चालवूनही न बघता मला पुसलं आणि जालन्याला निघून गेला. ज्यानं आणलं त्यानंच दगा दिला. मला फार लागलं.

त्या दिवशी सांडू मेंढपाळाच्या गाभण मेंढीचं पोट वायूनं फुगलं होतं. दुकानात एकट्या असलेल्या आसराबाईनं लेकानं शिकवल्याप्रमाणे बटण दाबून चिठ्ठी काढली, नव्या औषधाच्या बाटलीला लावून दिली. अंतरवालीच्या रानात सांडूची बायको कडूबाई चिठ्ठी वाचायला गेली, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! मेंढी तडफडत होती. दुकानात परत यायला वेळ नव्हता. त्यांनी अंदाजानं झाकणभर औषध पाजलं, ते जास्त झालं. मेंढी वाचली, पण पोटातलं कोकरू गेलं.

“तुमच्या चिठ्ठीच्या भरवशावर गेल्तो मी,” सांडू दुकानात येऊन एवढंच म्हणाला.

राधाकिसन पुटपुटला, “त्या पॅकेजचं नाव पुढं कुठंच आलं न्हाई, म्हणून काढलं.”

आसराबाई भडकली. “तुह्या बापाचं नाव म्या जल्मात घेतलं न्हाई. मंग ते घरात नव्हते का?”

राधाकिसन कॉम्प्युटरसमोर बसला. जुन्या फ्लॉपीवरून त्यानं मला पुन्हा जागेवर बसवलं. चिठ्ठ्या आता बरोबर निघतात, पण त्याचा हात कीबोर्डकडे वळला की मला अजून धास्ती वाटते.

मित्रांनो, कुणाला बिनकामाचं ठरवण्याआधी त्याच्याशिवाय एकदा काम चालवून बघा. मी परत आले. सांडूचं कोकरू आलं नाही.