हजेरीमावशींची पाठवणी

नव्या वस्तीत चर्चची नवी मंडळी सुरू करायची, तर जुन्या मंडळीतून दहा जण पाठवायला हवे होते. माझे यजमान पाळक. ते यादी करायला बसले आणि पहिलं नाव मी सुचवलं, हजेरीमावशींचं.

मावशी निवृत्त नर्स. रविवारी उपासनेला जो गैरहजर, त्याच्या दारात सोमवारी या हजर. "काल दिसला नाहीस?" म्हणत थेट आत येऊन बसायच्या. अर्ध्या मंडळीच्या नाकी नऊ आणले होते, आणि तक्रारी ऐकायला मी पाळकीणबाई. मावशी नऊ जणांना घेऊन शिंप्याच्या कारखान्यात भरणाऱ्या नव्या मंडळीत गेल्या. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

खोकला गेला, मागोमाग माणसंही गेली. तीन महिन्यांत आम्ही उरलो अकरा. तिकडे शिलाई मशिनी भिंतीला सरकवून चाळीस जण बसायला लागले. मग वरिष्ठांचं पत्र आलं: सहा महिन्यांनी पाहायला येऊ, तीस माणसं दिसली नाहीत तर जुन्या चर्चला कुलूप. माझा बाप्तिस्मा तिथलाच, लग्नही तिथलंच. पत्र वाचून मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू?

सोमवारी नाक मुठीत धरून मावशींकडे गेले. त्या चपला घालून निघायच्या तयारीतच होत्या.

"मावशी, परत चला ना."

"यादीत माझं नाव तूच घातलंस ना? ठाऊक आहे मला." माझा चेहरा पाहून त्या खो खो हसल्या. "बरं केलंस गं. इथे मजेत आहे मी. परत काही यायची नाही. पण आज चल माझ्याबरोबर."

मी गेले. पहिल्या घरी सुतार राहत होता. "दार घासतंय आपलं," मावशी म्हणाल्या, "रविवारी रंधा घेऊन लवकर ये." दुसऱ्या घरच्या बाईला म्हणाल्या, "नवीन आलेल्यांना जागा दाखवायला कुणी नाही, तू उभी राहा." कुणालाही नुसतं 'ये' म्हणाल्या नाहीत.

"ये म्हटलं की माणूस सबबी शोधतो," जिना उतरताना त्यांनी सांगितलं, "तुझ्यावाचून अडलंय म्हटलं की चपला शोधतो. आता तू सुरू कर. सगळ्यात अवघड दार आधी."

अवघड दार म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. चार वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत मी त्याला गायकवृंदातून काढलं होतं, बेसूर गातो म्हणून. तेव्हापासून तो चर्चची पायरी चढला नव्हता.

त्याने मान वर केली नाही. हातात उघडा मिक्सर होता.

"पंखे करकरतात आमचे," मी म्हणाले.

"दुसरा मेकॅनिक बघ, ताई."

पंख्यांनी भागणार नव्हतं. "अरे, चुकलं माझं. तू बेसूर गातोस हे खरंच आहे, पण चारचौघांत तुझा अपमान केला. तू गेल्यापासून आम्ही सुरात गातो आणि चर्च ओस पडलंय. तुझ्यावाचून अडलंय रे."

त्याने मिक्सरचं झाकण लावून स्क्रू आवळला. "पंखे बघतो," म्हणाला, "पण गाणारसुद्धा."

"गा बाबा."

त्या रविवारी तो बायकोमुलांसकट आला. पुढचे सगळे सोमवार आम्ही बहीणभाऊ दारोदार हिंडलो. कुणी तोंडावर दार लावलं, कुणी चहा पाजला. एकाने तर आम्हाला पाहून न्हाणीघरात दडी मारली, तो पुढच्या रविवारी लाजत आला.

पाहणीच्या दिवशी चौतीस जण होते. वरिष्ठ पहिल्या बाकावर बसून मोजत होते. गीत सुरू झालं आणि भावाने पहिल्याच ओळीला, छाती फुगवून, भलतीच पट्टी धरली. वृंद अडखळला. पेटी थांबली. वरिष्ठांनी वळून पाहिलं. त्याचा आवाज बारीक होत चालला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी त्याचीच पट्टी उचलली आणि मोठ्याने गायला लागले. मग न्हाणीघरात दडलेला तो, मग भावाची बायको, मग सगळे. शेवटच्या कडव्याला वरिष्ठही आमच्याबरोबर बेसूर गात होते.