दुसरा घास

बंगळुरूत मल्लेश्वरमच्या घरात आज अक्षराचं उष्टावण होतं, आणि आल्या-गेल्या प्रत्येकाने भार्गवीला एकच विचारलं, माहेरी बरं होतं ना? ती माहेरी गेलीच नव्हती.

सासूबाईंनी, म्हणजे सोयराबाईंनी, साऱ्या नातलगांत सांगून ठेवलं होतं की सून दहा दिवस के. आर. पुरमला भावाकडे आहे. खरं तर ती सात महिन्यांच्या अक्षराला घेऊन कोरियातल्या बुसान शहरात गेली होती. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या कारखान्याने तिथून गिअर घासायचं मशीन मागवलं होतं. मशीन तिनेच निवडलेलं, तेव्हा चालवून बघून सही करायलाही तीच हवी. मालक म्हणाले, लेकरू लहान आहे, तुझ्या जागी तुझ्या विभागातल्या सुमंतला पाठवू. लेकराला घेऊन जाते, असं म्हणून ती गेली. मूल सांभाळायला कार्तिक रजा काढून सोबत गेला. बायको कामावर आणि नवरा तिच्यामागे दुपटी घेऊन, हे चारचौघांत सांगायचं कसं, ही सोयराबाईंची खरी पोटदुखी होती.

बुसानमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. भुयारी रेल्वेचे जिने चढता-उतरता बाबागाडी उचलून दोघांचे खांदे भरून आले. पण स्टेशनात बाळाला पाजायला वेगळी खोली होती, आणि भर रस्त्यात अनोळखी म्हाताऱ्या थांबून अक्षराचे पायमोजे वर ओढत, वर भार्गवीलाच आपल्या भाषेत रागे भरत. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, कार्तिकच्या मांडीवर बसल्या बसल्या अक्षराने त्याच्या वाटीत हात घातला आणि मूठभर चिकट भात तोंडात कोंबला. भार्गवी आधी घाबरली, मग हसली, मग का कोण जाणे तिला रडू आलं. दुपारी तिने मशीनच्या कागदांवर सही केली.

हे फोनवर ऐकून सोयराबाई एवढंच म्हणाल्या होत्या, की कुठे बोलू नका.

आता अक्षराचा मामा रघुपती भाचीला मांडीवर घेऊन पाटावर बसला होता, हातात चांदीचा चमचा, समोर खिरीची वाटी. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या जमनाबाईंनी त्याला विचारलं, दहा दिवस पोर रमली का रे तुझ्याकडे? रघुपती म्हणजे गरीब गाय. त्याला धड हो म्हणता येईना, धड नाही. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तो बघून भार्गवीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण चोरी केली नव्हती, मग हा बिचारा कशासाठी तोंड लपवत होता?

"अण्णा, स्वल्प थांब," ती म्हणाली. "आम्ही याच्याकडे नव्हतो, आजी. बुसानला होतो, माझ्या कामाला. कार्तिक पोरीला सांभाळत होता. तिचा पहिला घास तिथेच झाला, तिने आपल्या हाताने घेतला."

कोपऱ्यात नारळ सोलत बसलेला कार्तिक उठला आणि बायकोशेजारी येऊन उभा राहिला.

सोयराबाईंचा चेहरा पार उतरला. "मग आता याला काय अर्थ राहिला?" त्या म्हणाल्या.

भार्गवीला त्यांची कीव आली, पण माघार घ्यायला ती तयार नव्हती.

"अर्थ तुम्ही ठरवा, अत्ते. पोरीला भूक लागलीय. अण्णा, दुसरा घास दे."

रघुपतीने कुणाच्याही तोंडाकडे न बघता चमचा खिरीत बुडवला.