तळ्याकाठची खोली

"ताई, एवढं मोठं खोकं? मला वाटलं, सायकल सुटी करून बॅगेत वगैरे घालून आणशील."

विमानतळाबाहेर धाकटा भाऊ गाडीची डिकी उघडून उभा होता आणि सायकलचं खोकं कुठल्याच बाजूने आत जात नव्हतं. ताईने त्याला खोक्याची मापं फोनवर दोनदा सांगितली होती. मोठी गाडी भाड्याने सांगू का, असंही विचारलं होतं. "आपली गाडी असताना भाड्याची कशाला?" असं तोच म्हणाला होता. शेवटी मागची सीट पाडून खोकं आडवं सारलं आणि उरलेल्या फटीत ताई मान वाकडी करून बसली. रस्ताभर भाऊ घराचे हप्ते, मुलांच्या शाळा आणि ऑफिसातल्या कटकटींबद्दल बोलत होता. स्पर्धेचं त्याने काही विचारलं नाही. विचारेल सावकाश, असं ताईला वाटलं.

ताई ऑपरेशन थिएटरमधली नर्स. लग्न केलं नव्हतं. त्याला काही मोठं कारण नव्हतं, ते राहून गेलं होतं. पन्नाशीच्या अलीकडे कंबर धरायला लागली म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. पोहता पोहता तिथल्याच एका बाईने सायकलचा नाद लावला, आणि सायकलमागोमाग पळणं आलं. ड्युटी संपवून आलेली ही बाई भल्या सकाळी रस्त्याने पळताना दिसली की शेजारपाजारचे लोक आधी हसायचे, मग हसायचे थांबले. ट्रायथलॉनमध्ये आपल्या वयोगटात ती देशात पहिली आली, तेव्हा परदेशातल्या या मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं.

राहायची सोय तिने आधीच केली होती. तळ्याच्या काठावर एका म्हातारीचं छोटं गेस्टहाऊस होतं. तळमजल्यावरची खोली, सायकल खोलीत घ्यायला हरकत नाही, स्पर्धेच्या दिवशी पहाटे नाश्ता मिळेल आणि सुरुवातीची जागा चालत जाण्याइतकी जवळ. खोलीचा फोटो तिने मोबाइलवर किती वेळा पाहिला असेल. खिडकीतून पाणी दिसायचं.

मग भावाचा फोन आला. "सख्खा भाऊ तासाभराच्या अंतरावर असताना तू भाड्याच्या खोलीत राहणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. ती खोली रद्द कर. मी सोडीन तुला गाडीने."

ताईला भरून आलं होतं. तिने त्याच दिवशी खोली रद्द केली.

घरी पोचल्यावर भावजय म्हणाली, "ताई, तुमची सोय आईच्या खोलीत केलीय. चालेल ना?"

भावजयीची आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली होती. एक बाजू गेलेली, बोलणं जड, पण डोकं लख्ख. पलंगाच्या शेजारी ताईसाठी गादी घातली होती. पहिल्या रात्री ताईला जाग आली तेव्हा म्हातारी कूस वळायची धडपड करत होती. ताईने उठून तिला वळवलं, पाठीला उशी लावली. हात आपोआप चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंग पुसून दिलं, औषधं दिली, भरवलं. भावजय दारात येऊन म्हणाली, "तुमच्या हाताला काय सवय आहे हो! आईचा चेहरा बघा कसा खुलला." आणि ती कामावर निघून गेली.

"काकू, एरवी तुमचं कोण बघतं?" वेणी घालताना ताईने विचारलं.

"बाई येते... दिवसभर." काकू थांबत थांबत बोलल्या. "तिला सुट्टी दिलीय. महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं. म्हणे, ताई येणारेत."

ताईचे हात वेणीतच थांबले. महिन्यापूर्वी म्हणजे भावाचा तो फोन आला तेव्हा. तिने वेणी पुरी केली, टोकाला रबर लावला. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यांच्यावर कशाला रागवायचं? आणि भावाला तरी काय विचारायचं? पाहुणी म्हणून आलोय, चार कामं केली तर हात झिजत नाहीत, अशी तिने स्वतःची समजूत घातली. सराव मात्र बुडाला. तळ्यातलं पाणी कसं आहे, हे बघायलासुद्धा जाता आलं नाही.

स्पर्धा रविवारी होती. पण सायकल शनिवारी पाचच्या आत मैदानावर जमा करायची, नाहीतर रविवारी पाण्यात उतरू देत नाहीत. हे तिने भावाला आल्या दिवशी सांगितलं, शुक्रवारी पुन्हा सांगितलं.

"माहितीय गं. शनिवारी एका मित्राची वास्तू आहे. आम्ही तोंड दाखवून एकपर्यंत येतो, मग निवांत निघू."

शनिवारी ती सायकल जोडून, हवा भरून, हेल्मेट हँडलला अडकवून बसली. दोन वाजले. फोन केला तर मागे माणसांचा गलका. "पंगत बसतेय, ताई. निघालोच." तीन वाजता त्याने फोन उचलला नाही. भावजयीनेही नाही. टॅक्सीवाला म्हणाला, सायकल घेत नाही. पाचच्या आत पोचवणारी एकच रेल्वे उरली होती, साडेतीनची. तिच्या शेवटच्या डब्यात सायकल चालते, हे ताई स्टेशनवर विचारून आली होती. काकूंजवळ कुणी बसेल का म्हणून शेजारच्या दोन्ही घरांची दारं तिने वाजवून पाहिली. सुट्टीचा दिवस, कोणी नव्हतं.

"तू जा," काकू पलंगावरून म्हणाल्या. "येतील ते. तासा-दोन तासात मला काय होतंय?"

"एकट्याच राहाल?"

"राहीन. जा, पोरी. गाडी चुकेल."

ताईने पाणी हाताशी ठेवलं, उशाशी फोन ठेवला आणि सायकल दारापर्यंत आणली. तिथून तिने एकदा वळून पाहिलं. काकूंनी चांगल्या हाताने पांघरूण छातीशी घट्ट धरलं होतं आणि त्या भिंतीकडे बघत होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत ताईने असे चेहरे पुष्कळ पाहिले होते. तिने सायकल भिंतीला टेकवली, पलंगाजवळ येऊन पांघरूण वर केलं. अंथरूण ओलं झालं होतं, बराच वेळ झाला असावा.

"मी सांगणार नव्हते," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तू का परत आलीस?"

"उगी राहा. हात माझ्या खांद्यावर टाका."

तिने चादर काढली, गादी पुसली, काकूंना धुऊन कोरडे कपडे घातले, पावडर लावली. लांबून रेल्वेचा आवाज आला तेव्हा ती नवी चादर गादीखाली खोचत होती. सुरकुती राहू नये म्हणून तिने ती दोन्ही बाजूंनी ताणून घेतली.

भाऊ-भावजय दिवेलागणीला आले. भावजयीने हातातले डबे ओट्यावर ठेवले. "तुमच्यासाठी बांधून आणलंय, ताई."

भाऊ दाराशी उभ्या सायकलकडे बघत राहिला. "अगं, सगळे सोडतच नव्हते. आणि फोन कोटाच्या खिशात राहिला. उद्या पहाटे लवकर जाऊ. विनंती करून बघू."

"घेत नाहीत."

"एवढं काय कडक? माणसंच आहेत ना तीही? आणि नाहीच जमलं, तर पुढच्या वर्षी ये परत. घर तुझंच आहे."

"बाईंना सुट्टी तू सांगितलीस की हिने?" ताईने विचारलं.

भावजय स्वयंपाकघरात गेली. भाऊ बुटाची नाडी सोडायला खाली वाकला. "घरचं माणूस असताना परकं कशाला, एवढाच विचार होता, ताई. तुला तर सवयच आहे. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?"

"आधी सांगायचं होतंस. मी आलेच असते. सायकल तेवढी आणली नसती."

तो नाडी सोडतच राहिला.

रविवारी घरातले उठायच्या आत ताईने काकूंची कूस बदलली. भावाच्या दारावर टकटक करून म्हणाली, "मी संध्याकाळी येते. दर दोन तासांनी त्यांना वळवायचं असतं, विसरू नका." आणि पहिल्या रेल्वेने एकटीच गेली.

तळं तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं होतं. रस्ते बंद होते, लोक खुर्च्या टाकून बसले होते. गेस्टहाऊससमोरून जाताना तळमजल्यावरच्या खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला दिसला. मैदानाच्या कुंपणाशी ती थांबली. आत लोखंडी दांड्यांना शेकडो सायकली ओळीने टांगल्या होत्या. आपल्या वयोगटातली रांग तिला सापडली. दोन सायकलींच्या मध्ये एकच जागा मोकळी होती, ती तिची.

भोंगा वाजला. तळ्यात टोप्याच टोप्या दिसायला लागल्या. काही वेळाने एकेक बाई पाण्यातून निथळत आली, सायकल काढून पळत निघाली. कुंपणापलीकडचे लोक टाळ्या वाजवत होते, ताईनेही वाजवल्या. रांगेतल्या सायकली कमी कमी होत गेल्या. शेवटची बाईही गेली, तेव्हा सगळेच दांडे रिकामे होते, आणि इतक्या लांबून तिची जागा कुठली होती ते ओळखू येईना.