निघोज्याच्या आवारात तीन फेऱ्या

अठ्ठावीस वर्षं टेम्पो चालवला, पण चाकाखाली कुणाची कोंबडीसुद्धा आली नाही, असं कादरभाई मोठ्या अभिमानानं सांगायचे. भोसरीच्या कारखान्यांतून माल उचलायचा आणि चाकणला पोचवायचा, हाच त्यांचा धंदा. सत्तावन्नाव्या वर्षी मात्र समोरच्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल." लायसन्सची मुदत संपली ती संपलीच. टेम्पो विकायला मन होईना, म्हणून दुसऱ्या ड्रायव्हरकडून तो चाकणजवळच्या निघोजे गावी, कोंडाजी या जुन्या दोस्ताच्या जागेत नेऊन उभा केला. त्याला आता चार वर्षं झाली होती.

त्यांची मुलगी फरहीन डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला होती. एक दिवस तिनं अजबच चष्मा घरी आणला. उजव्या काचेच्या वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी दुर्बीण बसवलेली. एरवी खालच्या काचेतून बघायचं, आणि लांबचं काही वाचायचं झालं की हनुवटी जराशी खाली घेऊन दुर्बिणीतून क्षणभर नजर टाकायची, की लगेच मान परत वर.

"बाहेरच्या काही देशांत हा लावून लोक गाडीपण चालवतात," फरहीन बोलून गेली आणि लगेच सावरली. "पण त्याला खूप ट्रेनिंग लागतं, परीक्षा असते. आपल्याकडे तशी परवानगी नाही, अब्बा. हा तुम्हाला पाट्या वाचायला आणलाय."

कादरभाईंच्या कानात राहिलं ते पहिलंच वाक्य.

तीन महिने ते संत तुकाराम नगरातल्या आपल्या गॅलरीत बसून सराव करत राहिले. मान खाली, नजर, मान वर. शेवटी त्यांची बायको ताजुन्निसा वैतागली. "समोरची बाई मला विचारत होती, तुमचे मियाँ मला रोज सलाम कशापायी करतात?"

चष्मा सरावाचा झाल्यावर कादरभाईंनी फरहीनकडे विषय काढला. "एकदाच स्टिअरिंग हातात घेऊ दे. रस्त्यावर नाही. कोंडाजीच्या आवारात."

फरहीननं साफ नाही म्हटलं. पंधरा दिवस ते पुन्हा काही बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्यानंच ती विरघळली. "मी शेजारी बसणार. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

रविवारी सकाळी दोघं निघोज्याला पोचले. कोंडाजीचं निम्मं रान कधीच कंपनीला गेलं होतं. उरलेल्या तीन एकरांत मुरूम टाकून, भिंत घालून त्यानं गाड्या उभ्या करायची जागा केली होती. सुट्टीमुळे ती मोकळीच होती.

"आलास व्हय रं!" कोंडाजीनं मिठीच मारली. "दर अमावास्येला सुरू करून ठिवतो तुजा टेम्पो. नारळ बी फोडतो. बॅटरी मरू दिली न्हाई."

कादरभाई सीटवर बसले. बूड बरोबर जुन्या खळग्यात बसलं. गाडी गुरगुरली आणि डिझेलचा वास नाकात शिरला, तशी त्यांना ती दुपार आठवली. कंपन्या तेव्हा थोड्याच होत्या. इथं सगळी ज्वारी आणि भुईमूग. चढावर टेम्पोचं इंजिन तापलं, वाफ निघायला लागली, म्हणून ते डबा घेऊन विहिरीवर आले. तेव्हा अनोळखी असलेल्या कोंडाजीनं पाणी शेंदता शेंदता विचारलं होतं, "पाणी गाडीला पायजे का डायवरला?" त्यानंतर चाकणची फेरी असली की गाडी गरम असो नसो, इथं थांबायचीच. कोंडाजीची बायको सोजराबाई शेंगा भाजायची आणि दोघं बांधावर बसून टरफलांचा ढीग करायचे.

"अब्बा, पहिला गिअर," फरहीन म्हणाली.

पहिली फेरी बैलगाडीच्या चालीनं झाली. दुसऱ्या फेरीत मान खाली घेऊन त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली, "वाहन सावकाश चालवा", आणि खदाखदा हसले. फरहीनलाही हसू आवरेना. तिसऱ्या फेरीला कोंडाजी पलीकडच्या कोपऱ्यात हात वर करून उभा राहिला. कादरभाईंनी हनुवटी खाली घेतली.

चार वर्षांत पहिल्यांदाच कोंडाजीचा चेहरा दिसला. दाढीचे पांढरे खुंट, बसलेली गालफडं, समोरचे दोन दात गायब. हा केव्हा एवढा म्हातारा झाला? बांधावर बसून शेंगा फोडणारा तो काळाभोर गडी कुठं गेला? ते बघतच राहिले.

"अब्बा! ब्रेक!"

पाय आपोआप पडला. टेम्पो गचकन थांबला. बोनेटपासून दोन हातांवर चहाचं ताट घेतलेली सोजराबाई उभी होती.

"आवं भावजी, आधी च्या तरी घ्या, मग उडवा!" असं ती म्हणाली खरी, पण ताटातले कप खडखड वाजत होते.

कादरभाईंनी इंजिन बंद केलं.

"मला वहिनी दिसल्याच नाहीत. मी कोंडाजीकडे बघत बसलो."

"किती वेळ?" फरहीननं हळूच विचारलं.

"मन भरेपर्यंत," ते म्हणाले. "रस्ता तेवढा वेळ देत नाही, बेटा. मला ठाऊक आहे."

खाली उतरून त्यांनी आधी सोजराबाईपुढे हात जोडले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, लागलं का मला?" आणि कप हातात दिला. सगळे भिंतीच्या सावलीत चहा प्यायला बसले. मग कोंडाजीनं विचारलं, "दिसलो का मी त्या दुर्बिणीतनं?"

"दिसलास. पार म्हातारा झालायस."

"आन् तू काय नवरदेव हायस व्हय?"

तेव्हा कुठं सगळे मोकळेपणी हसले.

चहा झाल्यावर कादरभाईंनी किल्ली फरहीनपुढे धरली. "तुझ्याकडे गाडीचं लायसन्स आहे ना? बस. हा क्लच तुझ्या त्या कारसारखा नाही, पूर्ण दाबावा लागतो."

"आत्ता?"

"आत्ताच. मी शेजारी बसतो."

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा हिसका देत निघाली. कादरभाईंनी डाव्या खिडकीतून दुर्बीण भिंतीपलीकडे लावली. कारखान्याच्या पत्र्यांमागे एक जुनी बाभूळ उभी होती.

"ती बघ, तिच्यापलीकडे विहीर होती," ते म्हणाले.

"अब्बा, मला समोर बघू द्या!"

"बरोबर आहे. तू समोर बघ," ते म्हणाले, आणि विहिरीचं पुढचं सगळं तिला सांगायला लागले.