माझ्या नावाची वाटेकरीण

मी आक्काबाईंच्या देव्हाऱ्यातला एक जुना टाक आहे. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, त्यावर देवाची मूर्ती ठोकलेली असते. माझ्यावर रेणुकामाता आहे. तिचं नाव इतकी वर्षं अंगावर वागवलं, की ते मला माझंच वाटू लागलं. तिथंच घोटाळा झाला, मित्रांनो.

औरंगपुऱ्यातल्या एका सोनारानं मला घडवलं. मग कितीतरी वर्षं मी आक्काबाईंच्या घरच्या मेंढरांमागं हिंडलो, घोड्याच्या पाठीवर, फडक्यात गुंडाळलेला. मुक्काम पडला की भाकरीचा पहिला तुकडा माझा. पुढं मेंढरं गेली, आक्काबाईंचा मुलगा रामेश्वर वाळूजला कंपनीत लागला आणि आम्ही गारखेड्यात आलो. आक्काबाई रोज हात जोडून मला 'आई' म्हणत. सणाला राखेनं घासून लख्ख करत. माझं छान चाललं होतं.

मग रामेश्वरला मुलगी झाली. बारशाला आत्यानं तिच्या कानात नाव सांगितलं. माझं नाव!

तेव्हापासून घरभर रेणुका, रेणुका. रेणुका, घास खा. रेणुका, वेणी घालू ये. मला खडीसाखरेचा एक खडा आणि तिला मागेल ते. एकदा तिनं दुधाचं पातेलं सांडलं. तिची आई सत्यशीला हिनं हात उगारला, तर आक्काबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "देवीच्या नावाच्या लेकराला हात लावू नगं." माझ्या नावावर पोरगी मार चुकवत होती. मी नुसता जळत होतो. चांदी उगाच काळी पडत नाही.

ती शाळेत जाऊ लागली आणि पोरी तिला चिडवू लागल्या, म्हातारीचं नाव आहे म्हणून. मला रिया म्हणा, असा तिनं हट्ट धरला. जेवेना, तेव्हा घरचे हरले. आक्काबाईंचा चेहरा उतरला. मी मात्र खूश. आता नाव माझ्या एकट्याचं.

मी हाकेची वाट पाहत बसलो. घरात रिया, रिया चाललेलं. आक्काबाई माझ्यापुढं येत आणि म्हणत, 'आई'. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मला नावानं कुणी कधी हाक मारलीच नव्हती. आईला नावानं कोण बोलावतं? ते नाव या घरात त्या पोरीमुळंच ऐकू येत होतं, आणि मी ते जावं म्हणून टपलो होतो. मला फार एकटं वाटलं.

नवरात्राआधी देव घासायला काढले. नात आजीजवळ येऊन बसली आणि नेमकी मलाच घासू लागली. घासता घासता तिनं विचारलं, रेणुका म्हणजे काय?

"रेणू म्हंजी मातीचा कण," आक्काबाई म्हणाल्या. "ती देवी रोज नदीवर नुसत्या वाळूचा घडा करायची अन् त्यातच पानी आणायची. तिचं मन हालत नव्हतं, म्हून वाळू सुटत नव्हती. तू जल्मली तवा मूठभर होतीस. डाक्टरनं आशा सोडली व्हती. म्या म्हनलं, वाळूचाबी घडा व्हतो. तवा ठेवलं तुझं नाव."

पोरगी माझा काळेपणा पार जाईपर्यंत घासत राहिली. संध्याकाळी सत्यशीलानं रिया म्हणून हाक मारली, ती जागची हलली नाही.

"रेणुका म्हण," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, पोरीला देवीचं नाव दिलं असेल तर ते का दिलं, हे तिला सांगा. आणि मग मोठ्यानं हाक मारा. आम्हा जुन्या टाकांनाही सणासुदीला घासत जा. हेवा मला अजून वाटतो, खोटं कशाला बोलू. पण स्वयंपाकघरातून 'रेणुका' अशी हाक आली, की आम्ही दोघंही ओ देतो. तिची तेवढी ऐकू येते.